डोळे मिटून उचललेला दगड

ओढ्यात मी पहिलं लिंबू सोडलं तो दिवस अमावास्येचा होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. काठावर दोन काठ्या रोवल्या होत्या, मधलं अंतर बरोबर दहा मीटर. वरच्या काठीपाशी लिंबू सोडायचं आणि खालच्या काठीपाशी पोचायला त्याला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघायचं, असं तीन वेळा. दहाला सेकंदांनी भागलं की पाण्याच्या पाठीचा वेग निघतो. पाठ नेहमी पोटापेक्षा जोरात पळते, कारण तळाचे दगडगोटे पाण्याला धरून ठेवतात. म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणायचं, म्हणजे सगळ्या पाण्याचा मिळून वेग अदमासानं हाती येतो.

हे सगळं मी घोटून आलो होतो. आजीला ते कुठं माहीत? ती धुण्याची बुट्टी कमरेवर घेऊन उतरली आणि जागीच थांबली.

"लिंबू सोडायलाईस व्हय रं वड्यात? आनि आज आवस!"

पुढचे दोन दिवस धुण्याच्या दगडावर एकही बाई फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तात्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पिशवीतून मोसंबी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "ह्येबी तरंगतंय. आनि हेला कोन भ्यात न्हाई."

मी तेव्हा शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होतो. प्रबंधासाठी विषय घेतला होता ओढ्यातल्या माशांच्या अधिवासाचं मोजमाप. बरोबरीची पोरं पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा असल्या हिरव्या मुलखात गेली. मी गडमुडशिंगी निवडलं, एक तर घर इथलं आणि दुसरं म्हणजे असल्या ओढ्यांकडे कोणी बघत नाही म्हणून. गावाच्या एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, पलीकडे गोकुळ शिरगावचे कारखाने. मध्ये उसाची रानं, आणि त्या रानांमधून पंचगंगेकडे जाणारं हे पाणी. मोठ्या नद्यांचं आरोग्य शेवटी असल्या शेकडो बारक्या पाण्यांवर उभं असतं असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

तात्यांना हे वेगळ्या वाटेनं माहीत होतं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याला गढूळ लोंढा आला, की खालच्या नदीतला मासा उलटा वर चढतो. चढणीचा मासा. पोटात गाबोळी भरलेली असते, ती ठेवायला त्याला निवांत, उथळ, वाहतं पाणी लागतं. लहानपणी तात्यांनी त्या मासळीवर रात्री काढल्या होत्या. म्हातारपणी त्यांना त्याची खंत होती. "पोटुशीला धरलं आमी," एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे.

मोजमापाची रीत साधी आहे, पण चिकाटीची. ओढ्याचा शंभर मीटरचा एक पट्टा धरायचा. दर दहा मीटरला दोर आडवा ताणायचा, म्हणजे पहिला धरून अकरा दोर होतात. प्रत्येक दोरावर पाच ठिकाणी खुणेची काठी बुडवून खोली घ्यायची. अकरा पाचे पंचावन्न. शिवाय रुंदी, वेग, तळाला काय आहे, वर झाडाची सावली किती पडते, काठ ढासळतोय की मुळांनी बांधून ठेवलाय. गावाच्या वरचा एक पट्टा घेतला आणि खालचा एक. काठी माझ्या हातात, वही माझ्या भाचीकडे. ती सातवीत होती, दिवाळीच्या सुट्टीला आली होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आणि तिला एक खोड होती: सांगितलेला आकडा लिहिण्याआधी ती तो मोठ्यानं परत म्हणायची.

"बावीस."

"बावीस."

"पंच्याण्णव. इथं डोह हाय."

"पंच्याण्णव! मामा, मी बुडतो की इथं."

तळ मोजायची रीत तात्यांना फार आवडली. वोल्मन नावाच्या एका अमेरिकन शास्त्रज्ञानं ती १९५४ साली मांडली. ओढ्यातून पाऊल टाकत जायचं. प्रत्येक पावलाला खाली न बघता वाकायचं आणि बोटाला जो दगड पहिल्यांदा लागेल तोच उचलायचा. त्याची मधली बाजू मोजायची, सगळ्यात लांबही नाही आणि सगळ्यात अरुंदही नाही. असे शंभर दगड. दोन मिलिमीटरच्या आत ती वाळू किंवा गाळ, चौसष्टपर्यंत खडी, दोनशे छप्पन्नपर्यंत गोटा, त्यापुढं धोंडा. शंभर दगड झाले की तळाचं चित्र आकड्यांत उतरतं.

"खाली का बघायचं न्हाई?" तात्यांनी विचारलं.

"बघितलं की हात आवडीच्या दगडाकडं जातो, तात्या. चांगला गोल, हातात मावणारा. बारकी खडी आणि गाळ राहून जातो, आणि तळ आहे त्यापेक्षा चांगला दिसतो."

तात्यांनी सरळ डोळेच मिटले आणि वाकले. त्यांच्या हाताला चिखल लागला. तो त्यांनी उचलून मला दाखवला आणि म्हणाले, "लिव. चिकूल."

दगडांचा एवढा सोस कशाला, असं कोणी विचारेल. माशासाठी दगड म्हणजे घर, ताट आणि पाळणा. मुल्या नावाचा बोटभर मासा आपल्याकडच्या खळाळत्या पाण्यात असतो. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखा अवयव असतो. त्यानं तो गोट्याला चिकटून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. मुरे खडीच्या फटीत राहतात. कित्येक जातींची अंडी दगडांमधल्या पोकळीत राहतात आणि तिथून झिरपणाऱ्या पाण्यातला प्राणवायू घेतात. त्या पोकळ्या गाळानं भरल्या की वरून ओढा निर्मळ दिसला तरी आत अंडी गुदमरतात.

मुल्याचं शास्त्रीय नाव ज्यानं ठेवलं त्याची गोष्ट मी तेव्हा भाचीला सांगितली होती. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला कर्नल. मुंबई इलाख्यात त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं, म्हणजे माणसं, पिकं, पाऊस, सगळ्याची मोजदाद. १८३४ साली लंडनमध्ये संख्याशास्त्राची संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांत तो होता. १८३९ साली त्यानं दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि कित्येकांना इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं दिली. मुल्या, मुरे, कोळस ही नावं लॅटिनच्या पोशाखात आजही जगभर चालतात. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी, की आकडे मोजणाऱ्या माणसानं काठावरच्या माणसाला विचारायची लाज धरली नाही. मी मात्र पुढच्या वर्षी तीच धरली.

पुढचं सांगायचं तर पुरापासून सुरू करावं लागेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. ज्यानं ते पाणी बघितलं त्याच्या मनात प्रत्येक ओढ्याबद्दल धास्ती बसली. ओढा तुंबतो, ओढा खोल करा, रुंद करा, सरळ करा, ही मागणी तेव्हापासूनची. ती खोटी नव्हती. आमच्या ओढ्यात प्लास्टिक अडकलेलं होतं, बेशरमी माजली होती, पुलाखाली गाळ साचला होता. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांची विहीर वरच्या पट्ट्याला लागूनच. उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. माझं पहिलं मोजमाप नोव्हेंबरात झालं आणि पुढच्या मे महिन्यात वरच्या पट्ट्यात पोकलेन उतरला. तीन आठवड्यांत तो भाग एका रेषेत, एका रुंदीचा, एका उताराचा झाला. दगडगोटे काठावर ढीग करून टाकले. वाटेतली दोन जांभळाची झाडं गेली.

पाऊस झाला, पाणी भरलं. नोव्हेंबरात मी पुन्हा दोर ताणले. खोलीची सरासरी आधी ३१ सेंटिमीटर होती, ती ६१ झाली. रुंदीही वाढली होती. मी आनंदलो. माझ्या प्रबंधाला आधी आणि नंतर अशी जोडी मिळाली होती आणि आकडा ठसठशीत होता.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंचांनी मला बोलायला उभं केलं. गावचा पोरगा, विद्यापीठात शिकतो, ओढा मोजतो. मी सांगितलं की वरच्या पट्ट्यात खोली जवळपास दुप्पट झाली आहे, म्हणजे माशांना राहायला पाणीही दुपटीवर गेलं आहे. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात नानांनी वाजवल्या. त्याच सभेत खालचा पट्टाही मे महिन्यात तसाच खोल करायचं ठरलं. तात्या मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. ते काही बोलले नाहीत. घरी येतानाही बोलले नाहीत. मला वाटलं, थंडी आहे, दमले असतील.

मार्चमध्ये प्रबंध टाइप करायची वेळ आली. भाची आली होती. मी संगणकासमोर आणि ती वही घेऊन पलंगावर. पहिल्या वर्षीचं पान तिनं वाचायला घेतलं.

"आठ. पंधरा. बावीस. चाळीस. बारा. पंच्याण्णव, हितं मी बुडणार हुतो. सत्तर. अकरा..."

तिचा आवाज वरखाली होत होता. अकरा म्हणताना हलका, पंच्याण्णवला भरदार. प्रत्येक आकड्याशी तिची काहीतरी आठवण जोडलेली होती: इथं खेकडा निघाला, इथं माझी चप्पल वाहून गेली. मग तिनं दुसऱ्या वर्षीचं पान उलटलं.

"साठ. एकसष्ट. बासष्ट. साठ. एकसष्ट. एकसष्ट. बासष्ट. साठ..."

तिसऱ्या दोरापर्यंत तिनं जांभई दिली. पाचव्याला म्हणाली, "मामा, ह्ये सगळं सारखंच हाय. मला झोप यायलीय. एकसष्ट एकसष्ट टाक की सगळीकडं."

माझा हात कळफलकावरच राहिला.

३१ ही सरासरी ज्या आकड्यांची होती त्यात आठ होते आणि पंच्याण्णव होते. ६१ ही सरासरी एकसष्टांचीच होती. मी दोन्ही वेळा पंचावन्न आकडे घेतले, दोन्ही वेळा ते एका आकड्यात कोंबले आणि कोंबताना जे सांडलं तेच माशाचं घर होतं. आठ सेंटिमीटरच्या खळखळीत मुल्या राहतो. पंच्याण्णवच्या डोहात एप्रिलमध्ये बाकी सगळं आटल्यावर वाम आणि शिंगटा जीव धरून राहतात. मधल्या पंधरा-वीसच्या संथ कडेला पिलं वाढतात. मासा एका जागी आयुष्य काढत नाही. त्याला दिवसाला एक पाणी लागतं, रात्रीला दुसरं. अंड्यांना तिसरं लागतं आणि दुष्काळाला चौथं.

माझ्याकडं एक तक्ताही होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं ओढ्यांची झटपट पाहणी करायची पद्धत तयार केली, तिची सुधारित आवृत्ती १९९९ ची. त्यात अधिवासाचे दहा रकाने असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त वीस गुण, एकूण दोनशे. वाहत्या, उताराच्या ओढ्यांसाठी तिसरा रकाना विचारतो: वेग आणि खोली यांच्या चार जोड्यांपैकी किती आहेत? उथळ आणि वेगवान, उथळ आणि संथ, खोल आणि वेगवान, खोल आणि संथ. अर्धा मीटर आणि सेकंदाला ०.३ मीटर या त्याच्या सीमारेषा. चारही असतील तर सोळा ते वीस गुण, एकच असेल तर पाचाच्या आत. मी तो रकाना दोन्ही वर्षी भरला होता. पहिल्या वर्षी सतरा, दुसऱ्या वर्षी तीन. तो तक्ता आपल्या काळ्या खडकाच्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांसाठी बनवलेला नाही, तिथले गुण इथं जसेच्या तसे उचलणं मला पटत नाही. पण त्या रकान्यातला प्रश्न गडमुडशिंगीतही तितकाच खरा आहे. तो भरून मी पान उलटलं होतं आणि सभेत एकसष्ट घेऊन उभा राहिलो होतो. शंभर दगडांसाठी डोळे मिटणारा मी त्या एका आकड्यासाठी मात्र डोळे उघडे ठेवून हात घातला होता.

बाहेर कट्ट्यावर तात्या बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो.

"तात्या, सभेत तुम्ही का बोलला नाही?"

त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "तू आकडा वाचत हुतास. आकड्याम्होरं म्हाताऱ्यानं काय बोलायचं?"

"पण तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसंना का. ऐकू येईना झालंय." थोडं थांबून म्हणाले, "त्यो पट्टा मुका झालाय. आदी मी रानातनं येताना कानानं सांगायचो कुटं आलो त्ये. खळखळ बंद झाली की डोह. डोह सरला की परत खळखळ. आता नुसतं पानी हाय."

मी ठरवलं की आता मासेच मोजायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांनी पाग खांद्यावर टाकला. दोन्ही पट्ट्यांत पाग वीस-वीस वेळाच टाकायचा आणि काठाकाठानं बारीक जाळीची झोळीही वीस-वीस वेळाच फिरवायची, एकही जास्त नाही, म्हणजे तुलना करता येते. धरलेला मासा बादलीत घ्यायचा, ओळखायचा, वहीत टाकायचा, परत सोडायचा. वरच्या, खोल केलेल्या पट्ट्यात अडुसष्ट मासे आले. खालच्या पट्ट्यात एक्केचाळीस.

काठावर बघायला जमलेल्यांतला एक जण म्हणाला, "मग वरच जास्त हाईत की!"

हाही एकसष्टसारखाच आकडा होता. या वेळी मी त्याच्यावर थांबलो नाही. वरचे अडुसष्ट म्हणजे फक्त दोन जाती. एक चिलापी, आफ्रिकेतून आणलेली आणि संथ, कोमट, एकसुरी पाण्यात भराभर वाढणारी. दुसरे गप्पी, डासांसाठी सोडलेले. खालच्या एक्केचाळीसात नऊ जाती: मुल्या, मुरे, वाम, डोक, शिंगटा आणि आणखी चार, ज्यांची नावं मी पुस्तकात शोधण्याआधी तात्यांकडून लिहून घेतली. भाचीनं प्रत्येक नाव लिहिण्याआधी मोठ्यानं म्हटलं. तात्या प्रत्येक वेळी मान हलवायचे, शाळेत हजेरी घेतल्यासारखे.

एक मेच्या ग्रामसभेत मी बोलायची परवानगी मागितली. पोकलेन दहा तारखेला यायचा होता. त्या सभेपूर्वीची रात्र मला नीट आठवते. चुकलो म्हणायचं ते ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यापुढं, आणि त्यांतले सगळ्यात पुढचे माझे चुलते. त्यांच्या विहिरीला त्या उन्हाळ्यात खरोखरच पाणी टिकलं होतं. सकाळी मी आधी त्यांच्या घरी गेलो, सभेत कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून. नानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "माझा पंप तासभर जास्त चालतोय, ते खोटं का?"

"खोटं नाही, नाना. तेही वहीत लिहिलंय."

"मग तुझं खरं का माझं खरं?"

मला त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही. नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आत गेले.

सभेत मी पहिल्यांदा म्हणालो की जानेवारीत मी सांगितलेला आकडा बरोबर होता आणि त्यावरून सांगितलेली गोष्ट चूक होती. मग भाचीला उभं केलं. तिनं दोन्ही पानं वाचली. काहीही न गाळता, आधी पहिल्या वर्षीचे पंचावन्न, मग दुसऱ्या वर्षीचे पंचावन्न. पहिलं पान लोकांनी ऐकलं. आठला कोणी हसलं, पंच्याण्णवला मागून कोणीतरी म्हणालं, "जांभळीखालचा डोह त्यो!" आणि दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तिथं पोहायला शिकलेली माणसं होती ती. दुसरं पान सुरू झालं. साठ, एकसष्ट, एकसष्ट, बासष्ट. विसाव्या आकड्याला माणसं चुळबुळू लागली. तिसाव्याला सरपंच म्हणाले, "बास, बास, कळलं."

"अजून पंचवीस हाईत," भाची म्हणाली आणि वाचत राहिली. सगळी वाचूनच खाली बसली.

मग दोन तास वाद झाला आणि तो चांगला झाला. पुराचं काय, विहिरींचं काय, गाळाचं काय? मी जे मोजलं होतं तेवढंच बोललो. पुराचं गणित माझ्याकडं नव्हतं, तसं सांगितलं. शेवटी ठरलं ते असं: पुलाखालचा गाळ आणि बेशरमी काढायची, तिथं पोकलेन चालेल. खालच्या पट्ट्यातल्या दोन डोहांमधला गाळ माणसं लावून उपसायचा, पण खळखळीच्या जागांना हात लावायचा नाही. वरच्या पट्ट्यात काठावर पडलेले दगडगोटे तीन ठिकाणी परत पात्रात आडवे पसरायचे, पाणी अडेल इतके नाही, त्यावरून धावेल इतके. वरच्या पट्ट्याची खोली राहू द्यायची, विहिरींसाठी. काही जण नाराज होऊन उठून गेले. नाना शेवटपर्यंत बसले, बोलले नाहीत. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. वाटेत भेटले तर दुसऱ्या बाजूनं जायचे. घरात तो महिना फार जड गेला. आई जेवायला वाढताना दोन्ही घरांची नावं टाळायची.

दगड परत टाकायचं काम आम्ही श्रमदानानं केलं. सतरा-अठरा माणसं होती, शाळेची पोरं होती. तात्या काठावर बसून सांगायचे, "मोठा हितं नको, पानी त्येच्या मागं फिरतंय, म्हागारी घे." मी दोर ताणून उतार बघायचो. दोघांचं बहुतेक वेळा जुळायचं. जिथं जुळलं नाही तिथं आम्ही दोन्ही वहीत लिहिलं, पुढं कोण बरोबर निघतं ते बघायला.

मृग निघाला. दोन दिवस नुसतं आभाळ दाटलं, मग पाऊस लागला. पहिला लोंढा गेला त्या रात्री आम्ही तिघं वरच्या पट्ट्यात, टाकलेल्या दगडांच्या पहिल्या ओळीपाशी बसलो. भाचीनं खताच्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेतली होती, वही प्लास्टिकच्या पिशवीत. दर पंधरा मिनिटांनी मी बॅटरी मारायचो.

काही नाही.

"शून्य लिवू का मोकळंच सोडू?" तिनं विचारलं.

"शून्य लिही. मोकळं सोडलं तर आपण बघितलंच नाही असं होईल."

त्या रात्री तिनं बारा शून्यं लिहिली. दुसऱ्या रात्री बारा. तिसऱ्या रात्री पाऊस जोरात होता, आठ शून्यांवर आम्ही भिजून परत आलो. घरी आल्यावर मला वाटलं, सभेत जे बोललो तेही चुकलंच असेल. तसं असेल तर तेही वाचून दाखवावं लागेल. ती वही कोरडी करायला चुलीपाशी ठेवली आणि झोपलो.

चौथ्या रात्री पाऊस उघडला होता. ढगांमागं चांदणं होतं. पाणी टाकलेल्या दगडांवरून पांढरं होऊन पडत होतं. मी बॅटरी मारणार एवढ्यात तात्यांनी माझा हात धरला.

"थांब. ऐक."

मला फक्त खळखळ ऐकू आली. मग त्या खळखळीच्या आत काहीतरी वेगळं, ओल्या हातानं दगडावर हलकी चापट मारावी तसं. पुन्हा. पुन्हा. बॅटरी लावली तेव्हा उजेडात चांदीची एक रेघ दगडांवरून उसळून वर गेली. तिच्यामागं दुसरी. तिसरी अडखळली, मागं पडली आणि पुन्हा आली. भाची मोठ्यानं मोजू लागली आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून कुजबुजत मोजू लागली.

समोरच्या काठावरही एक बॅटरी लागली. उसाच्या कडेला कोणीतरी उभं होतं, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी. उजेड आमच्यावर न पडता पाण्यावर पडला आणि तिथंच स्थिर राहिला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मासे दगडांवरून चढत होते.

मग पलीकडून नानांचा आवाज आला. "किती झालं गं?"

भाचीनं वहीवर बॅटरी धरली, ओळीवरून बोट फिरवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "अकरा, आजोबा. आनि एक मागं गेलाय, त्यो मोजला न्हाई."